पाठीवर वारा, डाव्या हाताला पाऊस

परतीच्या पावसाबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण आमच्या पूर्व विदर्भातल्या अर्जुनीच्या बाजारात केशोरीकडच्या एका शेतकऱ्यानं मला थांबवून एक प्रश्न विचारला आणि त्यानंतर दुसरं काही सुचेना. तो म्हणाला, "पाऊस तं आमच्याकडं छत्तीसगडातून येते जी. आभाळ तिकूनच भरून येते. अन् तुमी पेपरवाले नैऋत्य मोसमी, नैऋत्य मोसमी म्हनून राहिले. नैऋत्य तं चंद्रपुराकडं हाये. मंग हे कसं?"

मुंबईकराला हा प्रश्न पडत नाही. त्याचा समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा आणि पाऊसही तिकडूनच. हा प्रश्न पडायला माणूस इटियाडोह धरणाच्या बांधावर उभा असावा लागतो. समोर जलाशय, मागे प्रतापगडाची रांग, आणि दर भाद्रपदात पूर्वेकडून काळवंडत येणारं आभाळ. मी या बांधावर गेली कित्येक वर्षं वही घेऊन जातो आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच.

नैऋत्य हे मूळ प्रवाहाचं नाव. विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून येणारा तो वारा सह्याद्रीला धडकतो, कोकण-घाटात पाणी टाकतो आणि पठारावर उतरतो तेव्हा बराचसा हलका झालेला असतो. नगर, बीड, उस्मानाबादकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. नुसत्या या वाऱ्यावर आपली भिस्त असती, तर बांध्यांमध्ये धान उभा राहिला नसता. आपल्याकडे वर्षाला बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो, तो मुख्यतः बंगालच्या उपसागरावर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अशी सरासरी तेरा-चौदा क्षेत्रं तयार होतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतात आणि पश्चिम-वायव्येकडे सरकत छत्तीसगड, पूर्व विदर्भ, मध्य प्रदेश असा प्रवास करतात. पुरीपासून आपण सरळ रेषेत सुमारे सहाशे किलोमीटरवर. क्षेत्र किनाऱ्यावर चढलं की साधारण दोन-तीन दिवसांत त्याचं पाणी आपल्या धुऱ्यावर.

म्हणजे त्या शेतकऱ्याचं बरोबर आहे. पाऊस पाडणारी व्यवस्था पूर्वेकडूनच येते. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. ती व्यवस्था पूर्वेकडून येत असताना आपल्या अंगाला लागणारा वारा मात्र पूर्वेचा नसतो.

कमी दाबाच्या भोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि फिरता फिरता थोडा आत, केंद्राकडे वळतो. पाण्यानं भरलेल्या परातीत हात गोल फिरवून पाहा, हातापासून दूरच्या कडेचं पाणीही त्याच ओढीनं फिरतं. केंद्र ओडिशात असेल तर आपण त्याच्या पश्चिमेच्या कडेवर असतो, आणि त्या कडेवर वारा उत्तरेकडून किंवा वायव्येकडून वाहतो. म्हणून झड लागायच्या आदल्या दिवशी बांधावर वारा बालाघाटच्या अंगानं येतो आणि आभाळ मात्र रायपूरच्या बाजूनं चढतं. माणूस बुचकळ्यात पडतो तो इथेच.

हा गुंता सोडवण्याची एक रीत आहे, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. बाइस बॅलॉट नावाच्या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये ती मांडली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. जमिनीवर झाडं, टेकड्या, घरं वाऱ्याला अडवतात, त्यामुळे तो नेमका डावीकडे नसून डावीकडे आणि थोडा पुढे असतो. एवढी दुरुस्ती लक्षात ठेवली की झालं.

आता बांधावर या. वायव्येचा वारा आहे. त्याकडे पाठ केली की तोंड आग्नेयेला, म्हणजे कुरखेड्याकडे. डावा हात पसरून थोडा पुढे आणा. तो पूर्वेला जातो. कमी दाब तिथे आहे, अजून यायचा आहे. दुसऱ्या दिवशी वारा पश्चिमेचा झाला. पाठ केली की तोंड पूर्वेला, हात उत्तरेच्या किंचित अलीकडे. क्षेत्र आता आपल्या उत्तरेकडच्या वाटेनं चाललं आहे. हाच आपल्या झडीचा ऐन काळ. कमी दाबाच्या नैऋत्येचा जो भाग असतो, तिथे पाऊस सगळ्यात जोराचा पडतो, आणि क्षेत्र छत्तीसगडाच्या उत्तर भागातून जाताना आपण नेमके त्या भागात सापडतो. तिसऱ्या दिवशी वारा नैऋत्येचा, मग दक्षिणेचा होतो. हात जबलपूरकडून खंडव्याकडे सरकत जातो. पाऊस ओसरू लागला.

कधी वारा उलट्या बाजूनं फिरतो. वायव्येवरून उत्तरेला, मग ईशान्येला, मग पूर्वेला. तेव्हा समजायचं की क्षेत्र आपल्या दक्षिणेकडून, गडचिरोली-तेलंगणाच्या वाटेनं गेलं. मग झड तिकडे, आणि आपल्याकडे नुसतं ढगाळ नि चिपचिप. भाद्रपदात लोक आभाळाला दोष देतात, "एवढं भरून आलं अन् गेलं." आभाळ भरून येण्यापेक्षा वारा कोणत्या अंगाला फिरला हे जास्त सांगून जातं.

त्या शेतकऱ्याच्या नैऋत्येचं उत्तरही इथेच आहे. झडीच्या दिवशी जो पश्चिमेचा वारा सुटतो, तो अरबी समुद्राकडून आलेला तोच मोसमी प्रवाह. पूर्वेकडून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र त्याला जोरानं ओढून घेतं, उपसागराकडची दमट हवा त्यात मिसळते, सगळी हवा एकत्र येऊन वर चढते आणि ढग होतात. दोन समुद्रांचं पाणी एकाच बांधीत.

वारा पाहायचा कुठे, हेही सांगायला हवं. गोठणगावच्या गल्लीत पाहू नका. इथल्या टेकड्यांची उंची महाबळेश्वरासारखा पाऊस अडवण्याजोगी नाही, पण खालचा वारा वळवण्याला त्या पुरेशा आहेत. दरीच्या तोंडाशी वारा दरीच्या दिशेनंच वाहतो, मग तो मुळात कुठलाही असो. मला हे एका ढिवरानं शिकवलं. पहाटे डोंगा काढण्याआधी तो पाण्याकडे पाहत उभा होता. मी विचारलं काय पाहता. तो म्हणाला, "काठावरचं पानी खोटं बोलते. मधातलं पाहाचं." काठाजवळ टेकडीच्या आडोशानं पाणी काचेसारखं सपाट होतं, मधे मात्र बारीक लाटांची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे चालली होती. एवढं मोठं उघडं पाणी हा वाऱ्याचा कागदच आहे. तेव्हापासून मी लाटा पाहतो, आणि त्यांच्यावर सगळ्यात खालचे, फाटक्या कापसासारखे जाणारे ढग पाहतो. दोन्ही जुळले की वहीत दिशा लिहितो. वीज-गडगडाटाचा ढग जवळ असेल तर मात्र त्या घटकेचा वारा धरायचा नाही. तो त्या ढगाचा स्वतःचा थंड लोट असतो. सकाळी सहा-सातचा वारा सगळ्यात प्रामाणिक.

आता मान थोडी आणखी वर करा. मागच्या शनिवारी दुपारी मी सांडव्याच्या बाजूला उभा होतो. खालचे राखाडी ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत होते. त्यांच्या फटीतून खूप उंचावर पांढरे, विस्कटलेल्या केसांसारखे ढग दिसले, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे चालले होते. एकाच आभाळात दोन दिशा. खांबाचं टोक डोळ्यासमोर धरून पंधरा मिनिटं पाहिलं, तेव्हा खात्री पटली.

वरचा तो वारा म्हणजे पूर्वेचा जेट प्रवाह. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरून तो पावसाळी महिन्यांत द्वीपकल्पावर पश्चिमेकडे वाहतो. तो ओळखून मांडण्याचं काम आपल्याच पी. कोटेश्वरम् यांनी केलं. त्यांचा निबंध १९५८ चा, आणि पुढे ते भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. हा प्रवाह जन्मतो कशामुळे? हिमालयापलीकडचं तिबेटचं पठार साडेचार हजार मीटरहून उंच आहे. उन्हाळ्यात ते तापतं, त्यावरची हवा तापते, आणि खूप उंचावर तिथे जास्त दाबाचा मोठा घुमट तयार होतो. त्या घुमटाच्या दक्षिण कडेनं पूर्वेकडचा वारा वाहू लागतो. बंगालच्या उपसागरातली क्षेत्रं पश्चिमेकडे सरकतात त्यालाही वरच्या थरांतल्या पूर्वेकडच्या वाऱ्यांचा हातभार लागतो.

हे लिहिताना गोठणगाव-प्रतापगडाच्या आसऱ्याला १९७२ मध्ये वसलेली तिबेटी वसाहत, नोरग्येलिंग, डोळ्यासमोर येते. त्या पठारावरून आलेली माणसं इथे झाडीत स्थिरावली, आणि त्यांच्या प्रार्थनेच्या पताका ज्या वाऱ्यात फडफडतात त्याच्या बारा किलोमीटर वर त्यांच्याच पठारानं घडवलेला वारा वाहतो. मला ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता आलं नसतं. आणि एक व्यवहाराचं: पताकांची रांग वाऱ्याची दिशा दाखवायला उत्तम. उंच जागी, उघड्यावर लावलेल्या असतात.

डाव्या हाताची ही रीत पूर ओळखायलाही उपयोगी पडते, आणि तिथे तिचं मोल धानापेक्षा मोठं आहे. ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशातून गेलं. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडे तुफान पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले. भंडारा शहरात पाणी शिरलं, खाली देसाईगंज, आरमोरी, ब्रह्मपुरीकडची गावं वेढली गेली. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांतल्या अनेकांच्या छपरावर त्या दिवशी फारसा पाऊस नव्हता. लोक चिडून विचारत होते, "पाऊस नाही तं पूर कुठून आला?" जोराचा पश्चिमेचा वारा, डावा हात उत्तरेला, आणि उत्तरेला वैनगंगेचं उगमक्षेत्र. अशा दिवशी आपल्या छपरावर किती पडला हे पाहून चालत नाही. इटियाडोह ज्या नदीवर आहे ती गाढवी पुढे वैनगंगेलाच मिळते. वैनगंगा तुडुंब असली की गाढवीचं पाणी तोंडाशीच अडतं आणि मागे फुगतं. इटियाडोहचा सांडवा त्याच वेळी वाहत असला, तर नदीकाठच्या बांध्यांना दोन्हीकडून पाणी.

हवामान खात्याच्या अंदाजाला ही रीत पर्याय नाही, हे आवर्जून सांगतो. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचा अंदाज आधी वाचायचा, मग बांधावर जायचं. अंदाज जिल्ह्याचा असतो, आणि त्यातला प्रत्येक शब्द मोजलेला असतो. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर चौथाई ठिकाणी, ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ती चौथाई सालेकसा असेल की अर्जुनी, हे तो शब्द सांगत नाही. डावा हात ते थोडंफार सांगतो. क्षेत्र कुठे आहे हे खातं सांगतं, आणि ते आपल्याकडे येतं आहे की निसटतं आहे हे वाऱ्याच्या फिरण्यावरून बांधावरच्या माणसाला काही तास आधी कळू शकतं.

युरियाबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं. हलका धान गर्भावर आला आहे, भारी धान अजून फुटव्यावर, आणि दुसरी मात्रा हातात धरून सगळे आभाळाकडे पाहत आहेत. मी माझ्या बांधीत असं करतो. वारा वायव्येचा असेल आणि अंदाजात ओडिशाच्या किनाऱ्यावर क्षेत्र असेल, तर पोतं उघडत नाही. ते खत झडीत वाहून शेजाऱ्याच्या बांधीत जातं. वारा नैऋत्य ओलांडून दक्षिणेला गेला, आणि एक दिवस तसाच राहिला, की बांधीतलं पाणी उतरवून खत देतो. त्याच वेळी तुडतुड्यांसाठी धानाच्या बुडाशी वाकून पाहतो, कारण झडीनंतरचं दमट, कोंदट ऊन त्यांना फार मानवतं.

आज सकाळी साडेसहाला जलाशयाच्या मध्यावर लाटा वायव्येकडून होत्या. खालचे ढगही त्याच दिशेनं. वरचे तंतू पूर्वेकडून, कालपेक्षा दाट. अंदाजात ओडिशाच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र आहे. उद्या संध्याकाळपर्यंत वारा पश्चिमेला झुकला तर परवा झड धरा, आणि उत्तरेला गेला तर गडचिरोलीकरांना फोन करून सावध करा. तुम्हीही रोज सकाळी त्याच वेळी एकाच जागेवरून दिशा लिहून ठेवा, लाटांची किंवा पताकांची. परतीच्या पावसाला हात घालताना मला त्या नोंदी लागणार आहेत.