बटण कुठं ठेवायचं?

विकिपीडियात कोणीही बदल करू शकतो हे आपल्या सर्वांना माहीत आहे (सबमिशनच्या आदल्या रात्री तर फारच!). पण न्यूटनच्या पानावर कोणी शिव्या लिहून गेला तर त्या पुसतं कोण? आपल्या मराठी विकिपीडियावर, जो २००३ पासून चालू आहे, अशा ॲडमिन मंडळींना 'प्रचालक' म्हणतात. शब्द भारी आहे, आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना दोनदा वाचावा लागतो! पान उडवणं, एखाद्याला ब्लॉक करणं हे त्यांचे अधिकार. रोजची राखण मात्र साधे सदस्यही करतात, आणि सगळे फुकट.

आता या राखणदाराला स्क्रीनवर काय दिसतं ते बघू. 'अलीकडील बदल' नावाची एक लांबलचक यादी. इंग्रजी विकिपीडियावर ती इतक्या वेगाने सरकते की डोळ्यांनी वाचणं अशक्य. म्हणून २००८ मध्ये हगल नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते संशयास्पद बदल रांगेत पुढे आणतं. तुम्ही एक कळ दाबली की बदल रद्द, आणि लिहिणाऱ्याच्या पानावर तयार छापाची ताकीदही जाते. २०१० मध्ये तर क्लूबॉट एनजी हा बॉट आला, तो माणसाला न विचारताच सेकंदात बदल उलटवतो. इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर झकास काम!

पण गोम इथेच आहे. समजा, अकरावीतल्या एका मुलीने आपल्या गावाच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. माहिती खरी, पण संदर्भ दिला नाही आणि चुकून एक चौकटही मोडली. यंत्राला ती आणि तो शिव्या देणारा सारखेच! राखणदाराच्या हाताशी बटण एकच, ते त्याने दाबलं. त्याचाही दोष नाही, रांगेत पुढचे पन्नास उभे आहेत. मुलीला मिळाली ताकीद. ती परत कशाला येईल?

हे नुसतं माझं म्हणणं नाही. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर घटू लागले. ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या निबंधात दाखवलं, की चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचे बदल पूर्वीपेक्षा जास्त नाकारले जात होते आणि असे नवखे टिकत नव्हते. कारणांमध्ये ही अर्धस्वयंचलित साधनंही होती.

उपाय मला फार आवडला. २०१५ च्या 'ओरेस' या प्रणालीने एका प्रश्नाचे दोन केले: बदलाने नुकसान झालं का? आणि हेतू चांगला होता का? दोन्हींचे गुण वेगळे. मग २०१७ मध्ये यादीचा चेहराच बदलला. आता नवे गाळणे लावून, रंग देऊन 'नुकसान आहे पण हेतू चांगला' एवढेच बदल वेगळे काढता येतात. म्हणजे त्या मुलीचं लिखाण शिव्यांच्या ढिगात न जाता, जिला मदत हवी अशांच्या रांगेत जातं. अर्थात मदत माणसालाच करावी लागते, आणि यंत्राचा अंदाज चुकतोही.

ही यादी बघायला प्रचालक असावं लागत नाही. मराठी विकिपीडियाचं 'अलीकडील बदल' पान उघडा आणि नवागतांचा गाळणा लावा. दहापेक्षा कमी संपादनं किंवा चार दिवसांपेक्षा कमी वावर, तो नवागत. त्यांच्यापैकी कोणाची मोडलेली चौकट नीट करायला पाच मिनिटं पुरतात.