जॉर्डन, बार्बरा
जॉर्डन, बार्बरा : (२१ फेब्रुवारी १९३६ – १७ जानेवारी १९९६). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विधिज्ञ, टेक्सस राज्याच्या सीनेटची सदस्या व संसदपटू. जन्म ह्यूस्टन येथे एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट कुटुंबात. राज्याच्या मुख्य विद्यापीठात कृष्णवर्णीयांना तेव्हा पदवी अभ्यासक्रमास प्रवेश नसल्यामुळे तिने टेक्सस सदर्न विद्यापीठातून पदवी (१९५६) व बॉस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी (१९५९) घेतली. ह्यूस्टनला परतल्यावर तिने आईवडिलांच्या घरी, जेवणाच्या मेजावरच वकिलीस प्रारंभ केला. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमॉक्रॅटिक पक्षासाठी वस्तीवस्तीत मतदार संघटित करताना ती राजकारणात ओढली गेली.

राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी १९६२ व १९६४ मध्ये तिने लढविलेल्या दोन्ही निवडणुका ती हरली. उमेदवाराची निवड तेव्हा संपूर्ण हॅरिस परगण्याच्या मतांनी होई. त्यामुळे कृष्णवर्णीय वस्त्यांची मते एकगठ्ठा मिळूनही निष्फळ ठरत. मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात असावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला. त्यानुसार सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि १९६६ मध्ये ती सीनेटवर निवडून आली. त्याच वर्षी राज्यातील मतदान-करही न्यायालयाने रद्द ठरविला होता. १८८३ नंतर तेथे पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. ३१ सदस्यांत स्त्रीही ती एकटीच. सभागृहाचे नियम बारकाईने अभ्यासून व प्रतिपक्षीयांशीही सलोखा राखून तिने राज्याचा पहिला किमान वेतन कायदा संमत करून घेण्यात पुढाकार घेतला. संघीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या शेतमजुरांचा व घरकामगारांचा प्रश्न तीत प्रमुख होता. मार्च १९७२ मध्ये सीनेटने तिची हंगामी अध्यक्ष म्हणून निवड केली.

या सलोख्याची किंमतही तिला मोजावी लागली. १९७१ च्या पुनर्रचना समितीची ती उपाध्यक्ष होती. ह्यूस्टनमध्ये काँग्रेसचा नवा मतदारसंघ निर्माण झाला. मात्र तिच्या सीनेट मतदारसंघातील कृष्णवर्णीय मते विभागली गेली. स्वतःच्या बढतीसाठी तिने ती जागा सोडून दिली, असा आरोप तिच्याच पक्षातील कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याने केला. मतदारांनी तो मानला नाही आणि १९७२ मध्ये ती काँग्रेसवर निवडून आली. आरोप सर्वस्वी निराधार होता, असे मात्र म्हणता येत नाही. सीनेटमधील तिची जागा तिच्यानंतर कृष्णवर्णीयांकडे राहिली नाही.

निक्सनवरील महाभियोगाच्या चौकशीत न्यायिक समितीपुढे तिने केलेले भाषण (२५ जुलै १९७४) देशभर गाजले. मतदान हक्क कायद्याचे संरक्षण १९७५ मध्ये टेक्सस राज्याला व भाषिक अल्पसंख्याकांना लागू करण्यातही तिचा वाटा होता. १९७९ मध्ये काँग्रेस सोडून तिने टेक्सस विद्यापीठात अध्यापन केले. ऑस्टिन येथे ती निधन पावली.