पगारातून कापलेली चर्चची वर्गणी

जर्मनीत कोलोनला आले त्या आठवड्यात पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर धर्माचा रकाना दिसला. मी ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं. मुंबईच्या मनोरीची मुलगी दुसरं काय लिहिणार? पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर आयकराखाली आणखी एक कपात होती: ५४ युरो, चर्चचा कर.

युरोपात धर्म आणि सरकार वेगवेगळे, असं आपण समजतो. इथे आयकराच्या ९ टक्के, बव्हेरियात ८ टक्के रक्कम सरकारच कापून चर्चला देतं. नको असेल तर कोर्टात ३० युरो भरून चर्च सोडल्याची नोंद करायची. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई तशी नोंद करून आली. बिशपांच्या २०१२ च्या आदेशामुळे तिला आता कम्युनियन घेता येत नाही. पैशासाठी माणसाला वेदीपासून दूर ठेवायचं? मला हे पटत नाही.

आईला फोनवर सांगितलं. पन्नासची नोट चार घड्या घालून मुठीतून पेटीत सोडणारी ही बाई. शेजारणीलासुद्धा आकडा दिसू द्यायची नाही. ती म्हणाली, “कापून घेतलं तर ते दान कसलं गं?”

तिच्या त्या घडीच्या नोटेला आपला कायदा निनावी दान म्हणतो. धर्मादाय संस्थेला ते ठरावीक मर्यादेपलीकडे मिळालं तर ३० टक्के कर, निव्वळ धार्मिक संस्थेला माफ. शिर्डीच्या साईबाबा संस्थानची हुंडी याच वादात अडकली. संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, आणि अशा संस्थेलाही सूट लागू, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. मला आनंद झाला. गरिबाच्या मुठीवर कर नकोच.

पण सूट म्हणजे बाकीच्यांनी उचललेला भार. मुंबईच्या १८८८ च्या पालिका कायद्यानं प्रार्थनास्थळाला मालमत्ता करातला सर्वसाधारण कर माफ आहे. तेवढे पैसे इतर घरं भरतात. मग हिशेब त्यांनाही दिसायला हवा. इथे २०१३ मध्ये लिम्बुर्गच्या बिशपनं निवासावर ३ कोटी युरोंहून जास्त खर्च केल्याचं उघड झालं, लोक खवळले, आणि त्यानंतर एकेका धर्मप्रांतानं आपली मालमत्ता जाहीर केली. आपल्याकडे ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे जातं, नोट टाकणाऱ्या बाईकडे नाही.

“चर्च असो, देऊळ असो, वर्षाचा जमाखर्च दारावर लावा म्हणून सांग ना,” मी आईला म्हटलं.

“देवाकडे हिशेब मागायचा?”

“देवाकडे नाही गं, कमिटीकडे.”

ती अजून तयार नाही. डिसेंबरात मी येते आहे, मार्व्याहून पहिल्या बोटीनं. तेव्हा मीच विचारीन.