अतिरिक्त कोण?

‘अतिरिक्त आयुक्त’ म्हटले की दारावरची पितळी पाटी डोळ्यांपुढे येते. ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हटले की त्या शिक्षकाच्या घरात काळजी शिरते. शब्द एकच, मग एवढे अंतर का?

‘अति’ला ‘रिच्’ हा संस्कृत धातू जोडून हा शब्द झाला. रिच् म्हणजे रिकामे करणे, सोडणे. ‘रिक्त’ त्याचाच, आणि आपला ‘रिकामा’ही त्याच कुळातला. अतिरिक्त म्हणजे भरून वर उरलेले. ते उरलेले हवे की नको, हे शब्द सांगत नाही. माझ्या मते मराठीत ते काम क्रियापद करते. अतिरिक्त आयुक्त ‘नेमले’ जातात. शिक्षक अतिरिक्त ‘ठरतात’.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांना यात संस्कृतचा दोष दिसेल, तर तसे नाही. त्यांच्याकडे ‘हेच्चु’ म्हणजे अधिक, त्यावरून ‘हेच्चुवरि’. पण अतिरिक्त जिल्हाधिकारीही हेच्चुवरि आणि पटाअभावी बदली होणारा शिक्षकही हेच्चुवरिच!

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. माझ्या परिचयाच्या एका बाईंना बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर तसे पत्र आले. ‘‘मी जास्त कशी झाले?’’ असे त्या विचारीत होत्या. त्यांनी नकळत शब्द बदलला, आणि नेमका बदलला. ‘जास्त’ हा अरबी-फारसीतून आलेला, कन्नडमध्येही ‘जास्ति’ म्हणून रुळलेला बोलीतला शब्द. त्याला तुलना लागते. मीठ जास्त होते ते भाजीच्या मानाने. इथे भाजी कमी झाली होती. मीठ होते तेवढेच होते. ‘अतिरिक्त’मध्ये ही तुलना बुजून जाते आणि उणेपणा त्या व्यक्तीलाच चिकटतो.

(‘अतिरेक’ याच घरातला, पण त्याच्याबद्दल संदिग्धता नाही. लाडांचा असो वा व्यायामाचा, अतिरेक वाईटच.)

वर उरलेल्यासाठी मराठीत ‘वरकड’ हाही शब्द आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी ‘वरकड मूल्य’ रोज लिहितात. परंतु ‘वरकड शिक्षक’ असे पत्रात लिहायला कोणाचा हात धजणार नाही. अतिरिक्त लिहिले की कागद सभ्य दिसतो, आणि सही करणाऱ्यालाही अवघड वाटत नाही.