पुडी दिसली नाही, तरी तोंडाला पाणी का सुटतं?

“भावा, गावाकडं पंधरा दिवस होतो. माव्याची आठवणसुद्धा नाही आली. आणि माळीवाडा स्टँडवर एसटीतून उतरलो, तर पाय आपोआप टपरीकडं!” माझा एक मित्र परवा सांगत होता. मावा सोडायचा हा त्याचा चौथा प्रयत्न. “तुझ्यात विल पॉवरच नाही,” म्हणून आम्ही त्याला जाम चिडवलं. नंतर जरा वाचलं, तेव्हा कळलं की चुकत आम्हीच होतो.

आपल्या मेंदूत एक ‘शाबासकी यंत्रणा’ असते. भूक लागल्यावर जेवलो, मॅच जिंकलो, की तिथं डोपामाइन नावाचं रसायन पाझरतं. त्याचा निरोप एकच, ‘हे भारी होतं, पुन्हा कर.’ १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबली की या यंत्रणेला विजेचा हलका धक्का मिळायचा. उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबत राहिले!

दारू, गांजा, ब्राउन शुगर, तंबाखू यांचे रस्ते वेगळे, पण पोचतात याच यंत्रणेपाशी. आपल्या नगरी माव्यात तर तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटलेले असतात. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात उतरतं आणि मेंदूत डोपामाइन वाढवतं. हळूहळू मेंदू त्याला सरावतो आणि एका पुडीत भागेनासं होतं. मग मजेसाठी नाही, तर चिडचिड थांबावी म्हणून खाल्लं जातं.

खरी मेख पुढं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. सुरुवातीला फळांचा रस मिळाल्यावर डोपामाइनच्या पेशी जाग्या व्हायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडांना कळल्यावर त्या पेशी नुसत्या दिव्यालाच जाग्या व्हायला लागल्या. माझ्या मित्राचा दिवा म्हणजे स्टँड. तुमचा कदाचित कॉलेजचा कट्टा असेल, परीक्षेची रात्र असेल किंवा ‘चल, एक मारू’ म्हणणारा दोस्त.

त्यात आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणजे आपल्या वयात अ‍ॅक्सिलरेटर जोरात आणि ब्रेक अजून नवा.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं हे बहुधा अनुभवातूनच ओळखलं. गावानं होळीत बिडी, सिगारेट, तंबाखू जाळली आणि दुकानांतली विक्रीही बंद केली. माणसाला नुसता उपदेश करण्यापेक्षा त्याच्या समोरचा दिवाच विझवला.

आपल्यालाही हे जमू शकतं. रस्ता बदला. ग्रुपला स्पष्ट सांगा, मला ऑफर करू नका. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, चालायला जा. पहिले काही दिवस सगळ्यात अवघड असतात. एकट्यानं जमत नसेल, तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ या सरकारी हेल्पलाइन मोफत आहेत. आणि पुन्हा घसरलात, तरी संपलं असं समजू नका. मेंदू जसं शिकतो, तसं नवीनही शिकतो, फक्त वेळ घेतो.

मित्राला आम्ही आता चिडवत नाही. तो गावाहून आला की आमच्यापैकी कुणीतरी बाइक घेऊन स्टँडवर हजर असतं. टपरी लागायच्या आत त्याला मागं बसवायचं आणि थेट रूमवर!