टॅरोचे पत्ते : भविष्यासाठी नव्हे, आत्मनिरीक्षणासाठी

टॅरोचे पत्ते मुळात खेळण्यासाठी होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील श्रीमंत घराण्यांत हा डाव रंगत असे. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या राजघराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून हाताने रंगविलेले काही पत्ते आजही संग्रहालयांत जपलेले आहेत. त्यांतून भविष्य कळते ही समजूत पुष्कळ उशिरा आली. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे ज्ञानभांडार होय, असे प्रतिपादन केले. त्याला कोणताही आधार नव्हता. पण अशा कल्पनांना गिऱ्हाईक लवकर मिळते. थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये टॅरोवरून भविष्य सांगणे हा व्यवसाय होऊन बसला.

आज तोच व्यवसाय मोबाइलवरून आपल्या घरांत आला आहे. दुसरे दुकान काढावे का, भागीदार नेकीने वागेल का, मुलीचे स्थळ पक्के करावे का, हे प्रश्न पत्त्यांपुढे ठेवले जातात. यातील दोष केवळ दक्षिणेच्या खर्चाचा नाही. कर्म आपणच बांधतो आणि त्याची निर्जराही आपणच करावयाची असते, असे मानणाऱ्याने निर्णयाचा भार ७८ पत्त्यांवर टाकावा, ही मोठी विसंगती आहे. स्वप्ने आणि अंगलक्षणे यांवरून फळ सांगणाऱ्या साधूला श्रमण म्हणण्यासही उत्तराध्ययन सूत्राने नकार दिला आहे.

तथापि चित्र पाहण्याची आणखी एक रीत आहे आणि ती जैन घरांना नवी नाही. लेश्यांचे चित्र अनेकांनी मंदिरात किंवा पाठशाळेत पाहिलेले असते. जांभळाचे झाड, त्याभोवती सहा भुकेली माणसे. एक झाड मुळासकट तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस. पाचवा पिकलेली फळेच तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचून तृप्त होतो. हे चित्र पाहून यंदा जांभळे मिळतील का, असे कोणी विचारत नाही. या सहांपैकी मी कोण, एवढेच विचारावयाचे असते.

टॅरोकडेही याच दृष्टीने पाहता येते. १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला संच त्यासाठी विशेष सोयीचा आहे. आर्थर वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने त्याची चित्रे काढली. पूर्वीच्या बहुतेक संचांत साध्या पत्त्यांवर केवळ नाणी किंवा तलवारी मोजून काढलेल्या असत. पामेलाने तेथेही माणसे आणि प्रसंग आणले.

त्यातील नाण्यांची चौकी पाहावी. मुकुट घातलेला एक माणूस बसला आहे. एक नाणे त्याने दोन्ही हातांनी छातीशी कवटाळले आहे, एक डोक्यावर आहे आणि दोन पायांखाली दाबून धरली आहेत. मागे गाव दिसते, पण त्याची पाठ गावाकडे आहे. उठावयाचे म्हटले तर नाणी सुटतील, म्हणून तो उठूही शकत नाही. वस्तूवरील आसक्ती हाच परिग्रह, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. ते या चित्रात उघड दिसते. भविष्यवेत्ता येथे धनसंचयाचा योग सांगेल. विचार करणारा व्यापारी मात्र, आपले पाय कोणत्या नाण्यांवर आहेत, हे शोधू लागेल. कदाचित न खपणारा जुना माल असेल, कदाचित भावाशी वाद घालून राखलेला गाळा असेल.

नाण्यांची छक्की याहून अवघड आहे. एक सधन व्यापारी एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने दान देत आहे. पुढे दोघे गुडघे टेकून बसले आहेत. एकाच्या हातावर नाणी पडत आहेत, दुसरा वाट पाहत आहे. प्रथमदर्शनी हे दानाचे सुंदर चित्र वाटते. मग तराजू खटकू लागतो. दान मोजून का द्यावे? घेणाऱ्याला गुडघ्यांवर का बसावे लागले? समाजाच्या कार्यात देणगी जाहीर होताना आपले लक्ष कार्याकडे असते की फलकावरील नावाच्या क्रमाकडे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. दुकानातील नोकराला आगाऊ पगार देतानाचा आपला चेहराही आठवून पाहावा.

या अभ्यासाची रीत सोपी आहे. एकच पत्ता काढावा, सोबतची अर्थ-पुस्तिका उघडू नये. तारीख घालून वहीत प्रथम चित्रात काय दिसते ते लिहावे, नंतर आपण त्यात कोठे उभे आहोत ते, आणि शेवटी चित्रातील कोणती गोष्ट पाहणे नकोसे वाटले ते. हा तिसरा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो. मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढीत राहणे म्हणजे तेरीज जुळत नाही म्हणून आकडे फिरविणाऱ्या मुनिमाचे काम झाले. आजाराचा प्रश्न डॉक्टरांपुढेच न्यावा. नव्या दुकानाचा निर्णय ताळेबंद, येणी आणि भाडेकरार पाहूनच करावा. भागीदाराची नेकी त्याच्या मागच्या व्यवहारांत तपासावी. त्या निर्णयामागे गरज आहे, लोभ आहे की शेजारच्या दुकानाची ईर्ष्या, एवढेच वहीत शोधावे.

ज्यांना परदेशी पत्ते घरात नकोत, त्यांनी लेश्यांचे चित्र समोर ठेवूनही हीच वही लिहावी. पर्युषणात, संवत्सरी प्रतिक्रमणाच्या आदल्या दिवशी ती वर्षभराची पाने शांतपणे वाचावीत आणि ज्यांची नावे त्यांत वारंवार आली असतील, त्यांच्याकडे क्षमायाचनेसाठी सर्वांत आधी जावे.