थकण्याआधीचा विसावा

कापसाची वेचणी चालू आहे, ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या आहेत. त्यामुळं ऐकता ऐकता तुमचे हात चालूच असतील. चालू द्या. आज आपण बोलणार आहोत ते या हातांना आणि पायांना येणाऱ्या थकव्याबद्दल.

हा विषय निघाला तो आमच्याच एका चुकीतून. श्रावणात आमच्या एका गटातल्या वहिनी लागोपाठ तीन बैठकांना उशिरा आल्या. आल्या तरी भिंतीला टेकून बसायच्या, डोळे मिटायच्या. नियमाप्रमाणं आम्ही त्यांना दर वेळी दहा रुपये दंड लावला. "पायच उचलंना बघा ताई, चार पायऱ्या चढल्या की छाती धडधडती," त्या म्हणाल्या. त्यावर कुणीतरी म्हणालं, "काम कुणाला चुकलंय बाई?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी थोडं लांब, पार लडाखच्या डोंगरात जाऊन येऊ.

दोघी जणी, दोन सायकली

पुण्याच्या प्रीती मस्के यांचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. दोन मुलांची आई. आजारपण आणि मनाची मरगळ यांतून बाहेर पडायला त्यांनी चाळिशीच्या सुमारास सायकल हातात घेतली. 22 जून 2022 ला सकाळी 6 वाजता त्या लेहहून निघाल्या आणि 24 जूनला दुपारी 1 वाजून 13 मिनिटांनी मनालीला पोचल्या. 430 किलोमीटरचा डोंगराळ रस्ता, 55 तास 13 मिनिटं. तेव्हा त्यांचं वय होतं 45. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले तर साधारण 8,000 मीटर भरतात. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं आहे. म्हणजे जवळपास पाच कळसूबाया झाल्या. त्यातली टांगलांग ला ही खिंड तर साडेसतरा हजार फुटांवर आहे.

सोबतीला मदतीची माणसं होती, पण पायडल मारायचं ते एकटीनंच. वाटेत दम लागला तेव्हा त्यांनी दोनदा प्राणवायू घेतला आणि तसं नंतर उघडपणे सांगितलंही. विक्रम काही त्यामुळं कमी झाला नाही. ही गोष्ट आपल्याला महत्त्वाची वाटते. एवढी खंबीर बाई "मला दम लागला" म्हणायला लाजली नाही.

दुसरी पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी. 2018 साली, विसाव्या वर्षी, तिनं सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. 159 दिवस, सुमारे 29,000 किलोमीटर. बराचसा प्रवास एकटीनं, सामानही स्वतःच्याच सायकलवर. सोबत कुणी नसलं की थकवा ओळखायचा आपणच, आणि त्यावर उपाय करायचाही आपणच.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं लेहला जायचंय? खरं आहे. पण लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी थकव्याचा जेवढा बारीक हिशोब मांडला आहे, तेवढा आपण कधी मांडलेला नाही. आपण फक्त सोसतो. म्हणून त्यांची रीत समजून घेऊ आणि आपल्या कामाला लावून बघू.

चढाला हलका गिअर

गिअरची सायकल घाटाला लागली की जाणता सायकलस्वार गिअर हलका करतो. पाय जास्त वेळा फिरतात, पण प्रत्येक वेळी जोर थोडा लागतो, त्यामुळं स्नायू लवकर भरून येत नाहीत. नवखा माणूस मात्र जड गिअरवर उभा राहून जोर मारतो आणि दुसऱ्या वळणावर सायकल हातात धरून चालू लागतो.

आपलंही तसंच होतं. एका खेपेत काम उरकावं म्हणून डोक्यावर दोन भारे घेतो आणि मग दोन दिवस कंबर धरून बसतो. भारा अर्धा करा, खेपा दोन करा. चाल किती ठेवायची याचं मापही सोपं आहे. काम करताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत असेल तर चाल जास्त झाली, असं समजा.

भूक लागायच्या आधी घास

आपल्या शरीरात, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत, साखरेचा एक साठा असतो. जोराचं काम असेल तर तो दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. अंगावरची चरबी असते, पण ती सावकाश जळते. साठा संपला की पाय एकदम लाकडासारखे होतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, चिडचिड होते. मग कितीही मनाचा निर्धार करा, पाय हलत नाहीत. म्हणून सायकलस्वार भुकेची वाट बघत नाहीत. अर्ध्या-एक तासानं केळ, खजूर, चिक्की असं थोडं थोडं खात राहतात.

आता आपला दिवस बघा. पहाटे उठून कोरा चहा. झाडलोट, पाणी, धारा, भाकरी, पोरांचे डबे. मग वावरात. पोटात पहिला धड घास जातो तो अकरा-बारा वाजता. संध्याकाळी तर घरातल्या सगळ्यांची ताटं झाल्यावर जे उरेल ते आपलं. घाट चढणाऱ्या सायकलस्वाराला असं सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं खायला घातलं तर तो पहिल्याच खिंडीत बसेल. आपण बसत नाही, याचं कौतुक करून घेण्यात अर्थ नाही. वावरात निघताना अर्धी भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे खाऊनच निघा आणि मूठभर फुटाणे-शेंगदाणे पदराला बांधा.

पाणी, मीठ आणि आडोसा

घामाबरोबर पाणी जातं तसं मीठही जातं. दोन्ही परत यायला हवं. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हात घाम गाळून गळून गेल्यासारखं झालं तर हे पाणी घोट घोट घ्यावं. एरवी भाकरीबरोबर मिठाचं ताक आहेच. रक्तदाब असलेल्या बाईनं मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पण खरी अडचण वेगळीच आहे, ती आपण रेडिओवर तरी बोलू. शेतात आडोसा नसतो म्हणून आपण पाणीच पीत नाही. दिवसभर लघवी रोखतो. मग डोकं दुखतं, जळजळ होते, थकवा दुप्पट होतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं, एवढं लक्षात ठेवा. आमच्या एका गटानं वेचणीला जाताना दोन जुनी लुगडी आणि चार काठ्या न्यायला सुरुवात केली आहे. बांधाच्या कडेला आडोसा उभा राहतो, खर्च शून्य.

विसावा आणि झोप

विसाव्याचं महत्त्व आपल्याला वारीनं केव्हाच शिकवलं आहे. माउलींची पालखी दिवेघाट चढते त्याच्या आधी पुण्यात दोन मुक्काम असतात आणि घाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. चालतानाही ठरलेल्या जागी विसावा होतोच. कुणी पडल्यावर मग थांबायचं, असं तिथं नसतं. म्हणूनच साठी-सत्तरीच्या आज्याही पंढरपूर गाठतात. कामातही तासाभरानं पाच मिनिटं सावलीत बसलं तर दिवसभराचं काम कमी होत नाही. आम्ही खुरपणीला करून बघितलंय. दुपारनंतरचा हात उलट बरा चालतो.

झोपेचं तर विचारूच नका. डोंगरात चढ दमवतो, पण जीवावर बेततो तो उतार. पेंगुळलेल्या डोळ्यांनी उतारावर एक डुलकी म्हणजे सायकल दरीत. म्हणून झोप अनावर झाली की सायकल कडेला लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, हा त्यांचा नियम. आपल्याकडं दरी नाही, पण कोयता आहे, विळा आहे, कडबाकुट्टी आहे. झोपेच्या डोळ्यांनी कडबाकुट्टीत वैरण सारू नका. गुरं दहा मिनिटं थांबतील, बोटं परत येणार नाहीत.

आणि मन थकलं तर? मोठ्या चढावर सायकलस्वार शेंड्याकडं बघत नाही. पुढच्या वळणापर्यंत जायचं, एवढंच ठरवतो. एक एकर कापूस डोळ्यांपुढं आणला की हात गळतात. एक ओळ, मग पुढची ओळ, असं बघा.

गावात राहून डोंगर चढणं

आता सगळ्यात महत्त्वाचं. टांगलांग लासारख्या उंचीवर हवा विरळ होते. एका श्वासात समुद्रकिनाऱ्यावर जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जवळपास निम्माच तिथं मिळतो. म्हणून चार पावलांवर दम लागतो, डोकं दुखतं, छाती धडधडते.

छातीत आलेला प्राणवायू हातापायांपर्यंत वाहून नेण्याचं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 तरी असावं, गरोदर बाईचं 11. ते सात-आठवर आलं तर हवेत प्राणवायू भरपूर असूनही तो हातापायांना पुरत नाही. म्हणजे बाई उभी असते तीर्थपुरीत, आणि तिचं शरीर मात्र लडाखची खिंड चढत असतं. त्यात वर पाण्याची घागर, वर भारा. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54 टक्क्यांना रक्तक्षय आढळला. आपल्या दहा जणींच्या गटात धरा, निदान पाच.

म्हणून दोन थकवे वेगळे ओळखायला शिका. एक थकवा जेवण, पाणी आणि रात्रभराच्या झोपेनं उतरतो. तो कामाचा. दुसरा सकाळी उठतानाच अंगावर असतो. थोड्या कामानं धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांच्या आतली कड आणि नखं पांढुरकी दिसतात, माती किंवा खडू खावासा वाटतो. हा आजाराचा असू शकतो, त्याला विसावा पुरत नाही. रक्त तपासून घ्या. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, बंद करू नका. गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा नको, लिंबू चालेल. चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबानं लागतं. बाजरी, हुलगे, तीळ, शेवग्याचा पाला, तांदूळजा हे आपल्या घरचंच आहे. मात्र हिमोग्लोबिन फार खाली असेल तर नुसत्या भाजीवर विसंबू नका. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं असं होतं. आणि छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, उन्हात बरळणं किंवा बेशुद्ध पडणं, असं काही झालं तर थांबू नका, 108 ला फोन लावा.

त्या वहिनींचं काय झालं?

चौथ्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. हापशावर चक्कर येऊन पडल्या होत्या. आशाताईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं 7.1. दर महिन्याला आठ-आठ दिवस अंगावरून जात होतं, हे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? आमच्यासमोर त्यांनी तोंड उघडलं होतं आणि आम्ही हसलो होतो. एका बाईला पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि आम्ही तिच्याकडून त्याचेच तीस रुपये घेतले.

उपचार चालू झाले. परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन पावणेदहा आलं. अजून वाट आहे, पण त्या आता बैठकीला वेळेवर येतात, आणि भिंत सोडून मध्ये बसतात.

त्यांचे तीस रुपये आम्ही परत केले आणि ठराव वहीत लिहिला. ठराव असा: कुणी सलग दोन बैठकांना उशिरा आली किंवा आली नाही, तर दंड लावायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जाऊन विचारायचं, "बाई, जेवतेस का, झोपतेस का, रक्त कधी तपासलंस?" आणि वर्षातून दोनदा सगळ्या गटानं मिळून हिमोग्लोबिन तपासायला जायचं. एकेकटीला घरून वेळ मिळत नाही, गट निघाला की मिळतो.

तुमच्याही गटात भिंतीला टेकून बसणारी कुणीतरी असेल. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना तिच्याकडं जरा नीट बघा. बरं, ऊन कलायला लागलं असेल. पाणी प्या, पाच मिनिटं बसा, मग पुढची ओळ धरा. रामराम.